आपल्या रस्त्याचा फुटपाथ स्वतः कसा तपासायचा: टेप, खडू, चाकांची बॅग आणि खालून चालणारी माणसं

संध्याकाळी सहा-साडेसहाला आपल्या एरियातल्या कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. फुटपाथ आहे, चांगला लाल-करड्या ब्लॉकचा आहे, आणि त्याला खेटून डांबरावरून माणसं चाललीयेत, पिशव्या घेऊन, पोरांची बोटं धरून, मागून रिक्षा हॉर्न मारतेय तरी. मला बरीच वर्षं वाटायचं की आपल्या लोकांना शिस्तच नाही. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला रोज संध्याकाळी थोडं चालवून आणायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी तिला हौसेने फुटपाथवर चढवलं. पहिल्या सोसायटीचं गेट आलं तिथे उतरलो, पुढे परत चढलो, मग एक झाड, मग विजेचा डीपी बॉक्स, तिथे दोघांना शेजारी जाता येईना, परत गेट, परत उतरलो, आणि चौथ्यांदा चढायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "अरे खालूनच जाऊ या, तिथे निदान सपाट आहे."

त्या दिवसापासून मी खालून चालणाऱ्यांना नावं ठेवणं बंद केलं. उलट फुटपाथची खरी परीक्षा तेच घेतात असं माझं मत झालंय. तर हा लेख त्यासाठीच, म्हणजे आपल्या रस्त्याचा फुटपाथ घरच्या घरी कसा तपासायचा, काय मोजायचं, कोणाला काय विचारायचं आणि शेवटी तो कागद कुठे नेऊन द्यायचा. मी पुण्यात राहतो त्यामुळे उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, ठाणे, कोल्हापूर कुठेही हेच चालेल. इंजिनियर असायची गरज नाही. दोन माणसं आणि एक रविवार पुरतो, मोजणीसाठी मात्र एक कामाचा दिवस लागेल.

आधी तुकडा निवडा, अख्खा रस्ता नको

सुरुवातीला सगळ्यांची हीच चूक होते, दोन किलोमीटरचा रस्ता घेतात आणि अर्ध्यात कंटाळतात. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, तीनशे ते पाचशे मीटर, बास. आणि असा घ्या जिथे लोकांना चालावंच लागतं, म्हणजे शाळा, बसस्टॉप, भाजी मंडई, दवाखाना यातलं काहीतरी त्यावर पाहिजे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या धरायच्या, कारण डावी बाजू आणि उजवी बाजू म्हणजे कधीकधी दोन वेगळी गावं असतात. मग त्या तीनशे मीटरचे विजेच्या खांबांनुसार तुकडे पाडा, म्हणजे "खांब क्रमांक अमुक ते तमुक". खांबावर नंबर रंगवलेला असतो, आणि पुढे तक्रार करताना तोच सगळ्यात पक्का पत्ता ठरतो. "गणपती मंदिराच्या अलीकडे" हे आपल्याला कळतं, फाईलला कळत नाही.

अजून एक करा. आपला रस्ता तपासायच्या आधी एक चांगला रस्ता चालून या. पुण्यात असाल तर जंगली महाराज रोडला बालगंधर्वच्या आसपासचा जो भाग नव्याने केलाय तिथून चाला, औंधचा डीपी रोड पण चालेल. तिथेही आता गाड्या चढतात, काही ठिकाणी टाइल्स सुटल्यात, सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. पण दोघं जण शेजारी गप्पा मारत, पायाकडे न बघता चालणं म्हणजे काय ते तिथे कळतं. त्याशिवाय आपल्याला सवय इतकी झालेली असते की वाकडं काय आहे तेच दिसत नाही.

सामान

पाच मीटरची टेप, जाड खडू, वही, फोन, आणि चाकं असलेली प्रवासाची छोटी बॅग. बॅग का ते सांगतो पुढे. सोबत कोणीतरी हवंच, कारण टेपचं एक टोक धरायला माणूस लागतो आणि दुकानदारांशी बोलायला दुसरा. हातात टेप आणि वही दिसली की पाच मिनिटांत कोणीतरी बाहेर येऊन विचारणार, "रस्तारुंदी आहे का?" पेठांमध्ये तर हमखास. शांतपणे सांगायचं, "नाही काका, फुटपाथ मोजतोय, चालायला जागा किती आहे ते." मग काका लगेच मोकळे होतात आणि शेजारच्या दुकानाच्या पायऱ्या कशा बाहेर आल्यात ते स्वतःच दाखवतात.

पायरी १: न मोजता तीनदा चाला

पहिल्यांदा नुसते चाला, नेहमीसारखे. एकच गोष्ट लक्षात ठेवायची, नजर कुठे आहे. सारखं पायाखाली बघावं लागत असेल तर वहीत तसं लिहा. ही साधी गोष्ट वाटते पण ज्या फुटपाथवर मान वर करून चालता येत नाही तिथे म्हातारं माणूस जाणारच नाही.

दुसऱ्यांदा दोन्ही हातात भरलेल्या पिशव्या घेऊन चाला, मंडईतून येताना असतात तशा. तेव्हा कळतं की एकट्याला पुरणारी जागा आणि पिशव्यांसकट लागणारी जागा यात किती फरक आहे.

तिसऱ्यांदा ती चाकांची बॅग ओढत चाला. नियम एकच, बॅग उचलायची नाही, आणि उचलावी लागलीच तर तिथे खडूने फुली मारायची. जिथे तुम्हाला बॅग उचलावी लागली तिथे व्हीलचेअर अडकली, बाबागाडी अडकली, वॉकरवाली आजी अडकली. शेवटी फुल्या मोजा. तीनशे मीटरला शून्य फुल्या असतील तर तुम्ही बहुतेक परदेशात आहात. गंमत सोडा, पण हा फुल्यांचा आकडा फार कामाचा आहे, कारण तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

पायरी २: मोजमाप, आणि इथे जरा वेळ घालवा

देशात पादचारी सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते इंजिनियरांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३ म्हणतात. त्यांच्या २०१२ च्या आवृत्तीपासून दोन आकडे सगळीकडे वापरले जातात, ते पाठ करून ठेवा: चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, आणि डोक्यावर मोकळी उंची २.२ मीटर. १.८ का, तर दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात. दुकानांच्या भागात याहून जास्त लागते, कारण लोक काचेसमोर उभे राहतात, आणि उभ्या माणसाने खाल्लेली जागा चालणाऱ्याच्या उपयोगाची नसते.

यात शब्द आहे "मोकळी". गोंधळ होतो तो इथेच. फुटपाथ भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत तीन मीटर आहे, कागदावर तीनच लिहिलंय, सगळे खूश. पण त्यात झाडाचं आळं एक मीटर, आणि दुकानाची पायरी अर्धा मीटर बाहेर, म्हणजे उरले दीड. त्यात कोणीतरी स्टँडवर लावलेली स्कूटर. उरलं काय? तर मोजताना भिंतीपासून मोजायचं नाही, अडथळ्यापासून अडथळ्यापर्यंत मोजायचं, आणि त्या तुकड्यातली सगळ्यात अरुंद जागा तीच त्या तुकड्याची रुंदी. सरासरी काढायची नाही. हे मी परत परत सांगतो कारण सरासरी काढली की सगळे फुटपाथ पास होतात. पाणी पाइपाच्या सगळ्यात बारीक जागेतून जेवढं जाईल तेवढंच पुढे जातं, तसंच हे आहे.

कडेच्या दगडाची उंची मोजा. १५ सेंटीमीटरच्या वर नको. आपल्याकडे फूटभर पण सापडते, कारण पाणी फुटपाथवर येऊ नये आणि गाड्या चढू नयेत म्हणून उंच करतात. गाड्या तरी चढतातच, आजी मात्र चढत नाही. उतार असेल तर १२ ला १ या हिशोबाने बघा, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १८० सेंटीमीटर लांब उतार पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा एक गोळा टाकून त्याला रॅम्प म्हणतात, त्यावरून व्हीलचेअर उलटी पडेल.

आता गेट. माझ्या मते आपल्या फुटपाथचा सगळ्यात मोठा शत्रू खड्डा नाही, फेरीवाला नाही, तर सोसायटीचं गेट आहे. योग्य पद्धत अशी की फुटपाथ सलग एका पातळीत जायचा आणि गाडीने चढून उतरून आत जायचं, तिच्यात इंजिन आहे, तिला काय त्रास. आपल्याकडे उलटं होतं, गाडीसाठी फुटपाथ कापतात आणि माणूस दर वीस पावलांना उतरतो नि चढतो. म्हणून प्रत्येक गेट, प्रत्येक पार्किंगचा रस्ता, पेट्रोल पंप असेल तर त्याची दोन्ही तोंडं, सगळं वहीत. "तीनशे मीटरमध्ये चौदा वेळा उतरावं लागतं" असं वाक्य तुमच्या मोजणीतून निघालं तर ते दहा पानी निवेदनापेक्षा भारी पडतं.

पृष्ठभागाचं बघू. पेव्हर ब्लॉक वाईट नसतात, ते बसवणं वाईट असतं. खाली खडी नीट दाबलेली हवी, वर वाळूचा थर, आणि कडेला घट्ट आधार हवा, नाहीतर ब्लॉक हळूहळू सरकत जातात. त्यात केबलवाले येतात, खणतात, मातीवरच ब्लॉक परत ठेवून निघून जातात आणि पहिल्या पावसात तिथे खचतं. पावसाळ्यात एक टेस्ट आपोआप होते, मी तिला पिचकारी टेस्ट म्हणतो. सुट्या ब्लॉकवर पाय पडला की खालचं चिखलाचं पाणी थेट पँटवर. जिथे पिचकारी उडते तिथे ब्लॉकखाली पोकळी आहे, फुली मारा. उन्हाळ्यात मात्र पायाने दाबून बघावं लागतं, ब्लॉक डुगडुगतो का. चेंबरचं झाकण आजूबाजूपेक्षा बोटभर जरी वर किंवा खाली असलं तरी लिहा, ठेचा तिथेच लागतात. आणि आडवा उतार, म्हणजे भिंतीकडून रस्त्याकडे, फोनमधल्या लेव्हलच्या ॲपने बघता येतो, एक डिग्रीच्या आसपास पाणी वाहायला पुरतो, तीन-चार दाखवत असेल तर चालताना एक पाय आखूड असल्यासारखं वाटतं.

त्या पिवळ्या टाइल्सबद्दल. उभ्या रेघा म्हणजे पुढे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, सावध, पुढे काहीतरी आहे. दृष्टिहीन माणसांसाठी आहेत त्या, शोभेसाठी नाहीत. त्या पट्टीवरून शेवटपर्यंत चालून बघा. कुठे झाडात घुसते, कुठे डीपीत, कुठे उघड्या चेंबरपाशी संपते, तर कुठे रेघांच्या टाइल्स आडव्या लावलेल्या असतात कारण लावणाऱ्याला कोणी अर्थच सांगितलेला नाही. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा.

गाड्या चढू नयेत म्हणून लावलेल्या बुटक्या खांबांचे, म्हणजे बोलार्डचे मधले अंतर पण घ्या. व्हीलचेअर जायला ९० सेंटीमीटर तरी पाहिजे. पण ९० मधून स्कूटर आरामात जाते, हा खरा तिढा आहे आणि त्यावर नुसत्या खांबांनी उत्तर निघत नाही. स्कूटर अडवायला साठ सेंटीमीटरवर खांब ठोकायचे आणि व्हीलचेअरवाल्याला घरी बसवायचं, हा उपाय नव्हे.

पायरी ३: माणसं मोजा, पण दोन रकान्यांत

पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका करा. सकाळी शाळेची वेळ, दुपार, संध्याकाळी साडेसहा, आणि रात्री नऊनंतर. वहीत दोन रकाने: फुटपाथवरून गेलेले आणि फुटपाथला लागून रस्त्यावरून गेलेले. पाचाच्या उभ्या-आडव्या रेघा मारत जायचं, लहानपणी क्रिकेटचा स्कोअर लिहायचो तसं. जमलं तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असलेले यांना वेगळी खूण करा.

आता थोडं गणित. वाहतूक इंजिनियर लोक रस्त्याला जसे ए ते एफ ग्रेड देतात तसे फुटपाथलाही देतात. जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ च्या सुमारास माणसांच्या गर्दीसाठी ही पद्धत बसवली, आणि पुढे अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअल या रस्त्यांची क्षमता मोजायच्या पुस्तकात ती आली. हिशोब असा की दर मिनिटाला, दर मीटर रुंदीला किती माणसं जातात. २००० च्या आवृत्तीत १६ पर्यंत ए, २३ पर्यंत बी, ३३ पर्यंत सी, ४९ पर्यंत डी, ७५ पर्यंत ई, आणि त्यापुढे एफ म्हणजे चेंगराचेंगरी. समजा पंधरा मिनिटांत ३६० माणसं गेली, म्हणजे मिनिटाला २४, आणि तुमची सगळ्यात अरुंद जागा ०.९ मीटर, तर २४ भागिले ०.९, आले साधारण २७, म्हणजे सी.

छान वाटतं ना? आता याच सूत्रात आमच्या गल्लीतला तो फुटपाथ टाका जिथे ब्लॉक उखडलेत, वाटेत ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्यामुळे कोणीच चालत नाही. मिनिटाला दोन माणसं. ग्रेड काय येईल? ए! एकदम फर्स्ट क्लास. मोकळा आहे ना. ही पद्धत चुकीची नाही, पण ती गर्दी मोजायला बनवलीये, स्टेशनच्या जिन्यासाठी, मोठ्या शहरातल्या बाजारासाठी. आपला प्रश्न बऱ्याचदा गर्दीचा नसतोच, माणूस वर चढतच नाही हा असतो. म्हणूनच दुसरा रकाना हवा. शंभर माणसांतली साठ खालून जात असतील तर वर कितीही मोकळं असलं तरी तो फुटपाथ नापास. अहवालात ग्रेड लिहायचा असेल तर लिहा, पण त्याच्या शेजारीच हा आकडा लिहा, एकटा ग्रेड कधीही देऊ नका, समोरचा अधिकारी तेवढंच उचलेल.

पायरी ४: लोकांना विचारणं, हे सगळ्यात अवघड

"फुटपाथ कसा वाटतो?" असं विचारू नका. उत्तर येतं, "ठीक आहे." आपण मराठी माणसं अनोळखी माणसाला तक्रार सांगत नाही, किंवा मग सांगायला लागलो तर नगरसेवकापासून दिल्लीपर्यंत जातो. त्यापेक्षा जो माणूस आत्ता तुमच्या समोर फुटपाथवरून खाली उतरला त्यालाच थांबवा आणि विचारा, "काका, इथे खाली का उतरलात?" एवढंच. उत्तर लगेच आणि खरं येतं. तिथे ती फांदी डोक्याला लागते, तिथे कुत्री बसलेली असतात, तिथे वास येतो, तिथून पुढे गाड्याच लावल्यात मग चढून काय करू. आणि जागा पण कळते, खांब क्रमांकासकट. मी तर म्हणेन वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हा एकच प्रश्न वीस जणांना विचारा.

वेळ असेल तर मग गुण मागा, १ ते ५. शाळेसारखं, ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे नापास. जागतिक बँकेसाठी २००६ मध्ये हॉली क्रॅम्बेक यांनी चालण्यायोग्यतेचा एक निर्देशांक तयार केला होता आणि आशियातल्या कितीतरी शहरांत पुढे त्याच धर्तीवर तपासण्या झाल्या. त्यातले मुद्दे आपल्याला घेता येतात: वाहनांशी टक्कर होते का, वाट आहे का आणि कशी ठेवलीये, रस्ता ओलांडायची सोय, ओलांडताना सुरक्षित वाटतं का, गाडीवाले कसे वागतात, बसायला-सावलीला काही आहे का, अपंगांसाठी सोय, अडथळे, आणि चोरी-छेडछाडीची भीती. नऊच्या नऊ रस्त्यावर उभ्या माणसाला विचारत बसू नका, तो पळून जाईल. पाच घ्या.

कोणाला विचारायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. रस्त्यावर उभं राहून विचारलं तर जे अजून चालू शकतात तेच भेटतात. ज्यांनी चालणं सोडलं ते घरी आहेत, त्यांचं मत तुमच्या वहीत येतच नाही आणि खरं तर फुटपाथबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं. तर ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर जा, तिथे एक प्रश्न टाकला की तासभराची निश्चिंती. शाळा सुटताना गेटपाशी थांबलेल्या आयांना विचारा. घरकामाच्या मावशींना विचारा, त्या दिवसातून चार सोसायट्या पायी करतात, त्यांच्याएवढं या रस्त्याने कोणी चालत नाही आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

आणि गुणांची एकच सरासरी करू नका. वीस वर्षांचा मुलगा ज्या फुटपाथला ४ देतो त्यालाच त्याची आई २ देते. दोघंही बरोबर आहेत. सरासरी ३ लिहिलं की दोघंही हरवले. वय आणि स्त्री-पुरुष असे वेगळे रकाने ठेवा, रात्रीचे वेगळे ठेवा.

रात्रीचं तर अगदी वेगळंच असतं. टेपने बघितलं तर दोन मीटर मोकळा, ब्लॉक छान, पण एका बाजूला लांबच लांब कंपाउंडची भिंत आणि दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्यांची रांग, मधल्या बोळातून जाणारी बाई रस्त्यावरून कोणालाच दिसत नाही. दिवे आहेत पण झाडाच्या पानांच्या वर. बायका तिथून खाली उतरून रस्त्याने जातात. उलट सव्वा मीटरचा अरुंद फुटपाथ, पण दुकानं उघडी आहेत, पोळी-भाजी केंद्राचा दिवा आहे, तिथे त्यांना बरं वाटतं. हे टेपला दिसत नाही, म्हणूनच विचारायचं.

फेरीवाल्यांचंही तसंच. विचारलं की सगळे म्हणतात हटवा त्यांना, आणि बोलता बोलता त्याच गाडीवरून कोथिंबीर घेतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, जागा ठरवून द्यायच्या आहेत, म्हणजे नुसतं "हटवा" लिहून भागत नाही. माझं स्वतःचं निरीक्षण असं की वडापावच्या गाडीपेक्षा आडवी लावलेली दुचाकी जास्त जागा खाते, जवळजवळ दोन मीटर लांब असते ती, आणि तिच्यापासून कोणाला वडापावही मिळत नाही. तुम्ही मोजा आणि स्वतः ठरवा. गाडी झाडांच्या ओळीत, कडेला सरकवून १.८ मीटर मोकळे राहतात का, हा प्रश्न विचारा, भांडण कमी होतं.

पायरी ५: चौक

फुटपाथ कितीही चांगला केला तरी तो चौकात संपतो, आणि तिथे ओलांडता आलं नाही तर उपयोग शून्य. झेब्रा दिसतोय का, थांब्याची रेघ त्याच्या आधी आहे का, दुभाजकात थांबायला जागा आहे का, फुटपाथवरून झेब्र्यावर उतरायला उतार आहे की रेलिंग आडवं आहे. मग स्टॉपवॉच. सिग्नलचा हिशोब करताना माणसाचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्ता २४ मीटर असेल तर २० सेकंद लागतील. म्हातारं माणूस सेकंदाला ०.८ ने चालत असेल तर तीस. तुमच्या सिग्नलला हिरवा माणूस किती सेकंद दिसतो? बऱ्याच चौकांत तो दिसतच नाही, किंवा दिसतो तेव्हा डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबतच नाहीत. पादचारी पुलाबद्दल एवढंच, त्याच्या खालून किती लोक ओलांडतात ते पण मोजा.

पायरी ६: वहीतून एक पान

एकच तक्ता करा. खांब क्रमांक, सगळ्यात अरुंद रुंदी, किती वेळा चढ-उतार, बॅगेच्या फुल्या, खालून चालणाऱ्यांचं प्रमाण, लोकांनी सांगितलेलं कारण, आणि शेवटचा रकाना: हा अडथळा कोणाचा आहे. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात. डीपी बॉक्स महावितरणचा, झाडाची फांदी उद्यान विभागाची, व्हॉल्व्हचं चेंबर पाणीपुरवठ्याचं, सिग्नलचा खांब कोणाचा ते विचारा, पायरी दुकानदाराची. मालक लिहिला नाही तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो. फोटोत टेप दिसली पाहिजे, आकडा वाचता आला पाहिजे.

पायरी ७: कागद कुठे न्यायचा

पत्रात "फुटपाथ" ऐवजी "पदपथ" लिहा, सरकारी फायलीत तोच शब्द आहे. छोट्या गोष्टी, म्हणजे एक झाकण, एक उखडलेला भाग, यासाठी तक्रार ॲपवर किंवा फोनवर टाका, पुणे महापालिकेचा टोल फ्री १८०० १०३० २२२ आहे, मुंबईत १९१६. एका तक्रारीत एकच गोष्ट. पाच गोष्टी लिहिल्या की एक करून पाची बंद होतात. बंद झाल्याचा मेसेज आला की आधी जागेवर जाऊन बघा, मग रेटिंग द्या.

अख्ख्या तुकड्यासाठी मात्र क्षेत्रीय कार्यालय आणि पथ विभाग दोघांना पत्र, पोच शिक्क्यासकट. त्यात दोन-तीन गोष्टींचा आधार घ्या. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण केलंय, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पण साजरा झालाय, तर त्याची आठवण द्या, प्रेमाने. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पादचाऱ्यांना वापरता येतील असे, अपंगांनाही जाता येईल असे पदपथ असणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि कोणी म्हणालं की चालणाऱ्यांचं काय एवढं, तर केंद्र सरकारच्याच अहवालातला २०२२ चा आकडा आहे, रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी गेले, एकूण मृत्यूंच्या जवळजवळ पाचवा हिस्सा.

फुटपाथ नुकताच केलेला असून उखडला असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे त्यामुळे भाषण नको. मागायचं काय तर कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो. तो कालावधी चालू असेल तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचं असतं. याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचाही हक्क आहे, हे फार कमी लोकांना माहितीये.

पुण्यात अजून एक वाट आहे, नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक, २००६ पासून चालू आहे. पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं आणि तीनशे मीटरमधली गेटांची पातळी, दोन उतार, चार चेंबर यात बसू शकतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात, पेपरवर लक्ष ठेवा. तुमच्याकडे तक्ता तयार असेल तर अर्ज अर्ध्या तासात होतो, आणि नुसतं "पदपथ दुरुस्त करावा" लिहिण्यापेक्षा "खांब अमुकपाशी रुंदी ०.७ मीटर, डीपी हलवून १.८ करावी" असं लिहिलं की अंदाजपत्रक काढणाऱ्या ज्युनियर इंजिनियरचं पण काम सोपं होतं. तो आपला शत्रू नाही, चहाला बोलवा त्याला, एकदा बॅग ओढून दाखवा.

दुरुस्ती झाली तर

झाली म्हणून सोडू नका. तीच बॅग, तीच फुल्यांची मोजणी, तीच संध्याकाळी साडेसहाची पंधरा मिनिटं आणि तेच दोन रकाने, जुन्या तक्त्याच्या शेजारी नवा. ब्लॉक नवे दिसतात तोवर सगळं चांगलंच दिसतं, म्हणून एक फेरी उन्हाळ्यात मारलीत तरी दुसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर मारा. त्या दिवशी जुनी पँट घाला.